‘चोवीस तास थांबा’ : जोखमीतला माणूस हरवल्याची तक्रार पोलिसांनी कशी हाताळावी

प्रश्न थोडक्यात असा. वडील ७४ वर्षांचे, तीन वर्षांपासून स्मृतिभ्रंश. दुपारी चारला घरातून बाहेर पडले. मुलगा साडेपाचला पोलीस ठाण्यात गेला, तर त्याला सांगितलं गेलं, “मोठे गृहस्थ आहेत, येतील फिरून. चोवीस तास थांबा, मग नोंद करू.” रात्री अकराला तो पुन्हा गेला तेव्हा कुठे नोंद झाली. सकाळी सहाला वडील घरापासून चार किलोमीटरवर एका बंद शाळेच्या पायरीवर बसलेले सापडले. एका पायात चप्पल नव्हती, ओठ सुकले होते. मुलगा विचारतो की पोलिसांचं वागणं नियमाला धरून होतं का, आणि नसेल तर नेमकं काय व्हायला हवं होतं?

मी २८ वर्षं पोलीस खात्यात होतो. त्यातली शेवटची नऊ वर्षं जवळजवळ फक्त ‘मिसिंग’, म्हणजे माणूस हरवल्याच्या तक्रारी, बघितल्या. पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देतो. चुकीचं होतं. अमेरिकेने १९९० मध्येच कायदा केला की मूल हरवल्याची तक्रार घेताना पोलिसांनी वाट बघायला लावायचं नाही. भारतात सर्वोच्च न्यायालयाने मे २०१३ मध्ये सांगितलं की हरवलेल्या प्रत्येक मुलाच्या बाबतीत एफआयआर नोंदवा, आणि अपहरण किंवा मानवी तस्करी झाली आहे असं धरूनच तपासाला लागा. मोठ्या माणसांच्या बाबतीत तरी चोवीस तास थांबा असं लिहिलेला कागद मला इतक्या वर्षांत कुणी दाखवलेला नाही.

तरी हे वाक्य टिकून आहे, कारण ते अनुभवातून आलंय. घरातून निघून गेलेली बहुतेक मोठी माणसं स्वतःहून परत येतात. भांडण झालेलं असतं, मित्राकडे राहिलेले असतात, फोन बंद पडलेला असतो. ठाणे अंमलदार वर्षभर असेच लोक बघतो आणि त्याचा अंदाज बहुतेक वेळा बरोबर निघतो. घोळ असा की हा अनुभव ज्यांच्यावर बेतलेला आहे त्या सगळ्यांना घरचा पत्ता ठाऊक होता. तुमच्या वडिलांना नव्हता. त्यांना तो अनुभव लावणं म्हणजे पोहता येणाऱ्यांचा हिशेब न येणाऱ्याला लावणं.

म्हणून काउंटरवरचा पहिला प्रश्न “किती वेळ झाला?” हा नकोच. मी माझ्या माणसांना एक प्रश्न पाठ करायला लावला होता: “हे आत्ता जिथे कुठे असतील तिथून, एकटे, खिशात असेल तेवढ्यावर, घरी कसे येतील?” घरच्यांना याचं उत्तर देता आलं, तर थोडा श्वास घ्यायला जागा आहे. देता आलं नाही, आणि सांगताना त्यांचा आवाज अडखळला, तर ती जोखीम वरच्या पातळीची. मग घड्याळात पंधरा मिनिटं झालेली असोत की पंधरा तास.

जोखमीतला माणूस कोण, याची ठरीव यादी असते: लहान मूल, वृद्ध, मानसिक आजार असलेला, बौद्धिक अपंगत्व असलेला, गरोदर बाई. यादी असावी, पण तिच्यावर विसंबून राहू नये. इन्सुलिन घरी विसरून गेलेला चाळिशीतला धडधाकट माणूस संध्याकाळपर्यंत त्या यादीत येतो. काल नोकरी गेली आणि आज सकाळी बायकोच्या नावावर सगळे पैसे वळते केले, असा माणूस तर केव्हाच आलेला असतो. आजाराचं नाव काय यापेक्षा आज काय वेगळं झालं, हे जास्त बोलतं. “ते असं कधीच करत नाहीत” हे वाक्य घरच्यांनी उच्चारलं की पेन थांबवायचं आणि ‘असं’ म्हणजे नेमकं काय, ते विचारायचं.

ब्रिटनमध्ये हरवलेल्यांच्या जोखमीच्या पातळ्या ठरलेल्या आहेत, उच्च, मध्यम, कमी वगैरे. पद्धत चांगली आहे. पण माझा ‘मध्यम’वर विश्वास नाही. उच्च लिहिलं तर वरिष्ठांना झोपेतून उठवावं लागतं, कमी लिहिलं आणि काही घडलं तर मान अडकते. मग हात आपोआप ‘मध्यम’ लिहितो, आणि कागद ड्रॉवरमध्ये जातो. माझ्याकडे नियम होता की ‘मध्यम’ लिहायचं असेल तर खाली दोन ओळींत लिहा की ही व्यक्ती रात्रभर बाहेर राहिली तर काय होईल. निम्मे लोक ती ओळ लिहिता लिहिता ‘मध्यम’ खोडायचे.

आता काउंटरवरच्या पहिल्या वीस मिनिटांबद्दल. सगळा तपास इथेच होतो किंवा बिघडतो. घरचा माणूस घाबरलेला असतो, तो गोष्ट मधूनच सुरू करतो. त्याला बसवायचं, पाणी द्यायचं आणि शेवटचं कुणी, कुठे, कोणत्या कपड्यांत पाहिलं इथून सुरुवात करायची. ‘शेवटचं पाहिलं’ आणि ‘नाहीत हे लक्षात आलं’ या दोन वेगळ्या वेळा आहेत, आणि घरचे त्या हमखास एक करतात. सून म्हणते चारला गेले. खोदून विचारलं की कळतं, तिने त्यांना अडीचला पाहिलं होतं आणि चारला चहा घेऊन गेली तेव्हा खोली रिकामी होती. हा दीड तास म्हणजे चालत चार-पाच किलोमीटर. शोधाचं वर्तुळ तेवढ्याने बदलतं.

फोटो हा दुसरा घोटाळा. लोक चांगला फोटो आणतात, म्हणजे कुणाच्या तरी लग्नातला, केस काळे केलेला, दहा वर्षांपूर्वीचा. मला गेल्या महिन्यातला, झोपाळलेला, दाढी वाढलेला फोटो हवा असतो. चष्मा लावतात का, तो घरी राहिलाय का, चालताना कोणता पाय ओढतात, कोणत्या भाषेत बोलतात, कुणी अंगाला हात लावला तर घाबरतात का, हाक कोणत्या नावाने मारली तर वळतात? एका आजोबांना आम्ही तीन तास आडनावाने हाका मारत होतो. नंतर त्यांची बहीण आली आणि म्हणाली, “त्याला बाळू म्हणा.” बाळू म्हटल्यावर झुडपामागून ‘ओ’ आली. तिथून आमचे दोन शिपाई दोनदा गेले होते.

याच वेळी एकाने उशीचा अभ्रा किंवा न धुतलेला सदरा कागदी पिशवीत घालून ठेवायचा, घरच्यांनी तो हाताळायच्या आत. श्वानपथक येईल की नाही हे नंतर ठरेल, वास मात्र नंतर मिळत नाही.

मग घर. हे सांगितलं की घरचे दुखावतात: “साहेब, घरात नाहीत म्हणून तर आलो.” तरी घर पुन्हा बघायचं, आणि पोलिसाने स्वतः बघायचं. पलंगाखालचा कप्पा, माळा, गच्चीवरची पाण्याची टाकी, जिन्याखालची अडगळ, आवारातल्या गाड्या, डिकीसकट. सहा वर्षांच्या एका मुलीसाठी आम्ही अख्खा परिसर पिंजला होता, आणि ती गुंडाळून उभ्या ठेवलेल्या गादीच्या आत झोपली होती. आई त्या गादीला टेकून रडत होती. नुसतं बघून यायचं नाही, प्रत्येक जागेला हात लावून यायचं. आणि हे चालू असताना बाहेरचं काम थांबवायचं नाही. दोन्ही एकाच वेळी.

बाहेर कुठे शोधायचं हे माणसावर अवलंबून आहे. सगळ्यांना एकच साचा लावला की वेळ जातो.

स्मृतिभ्रंशाचा माणूस ‘भटकत’ नाही. हा शब्दच मला पटत नाही. त्याला कुठेतरी जायचं असतं. ती जागा आज नसते, इतकंच. निवृत्त होऊन अठरा वर्षं झालेले एक कारकून सकाळी दहाच्या ठोक्याला घरातून निघायचे. त्यांच्या कचेरीच्या जागी आता वाहनतळ झाला होता. ते तिथे फाटकाशी उभे सापडले, हातात रिकामी पिशवी. मला बघून म्हणाले, “आज लेट मार्क लागणार.” ब्रिटनमध्ये नॉरफोकच्या पोलिसांनी सुरू केलेला ‘हर्बर्ट प्रोटोकॉल’ आज तिथे बऱ्याच ठिकाणी वापरतात. तो जॉर्ज हर्बर्ट यांच्या नावाने आहे. नॉर्मंडीच्या मोहिमेत लढलेले हे गृहस्थ स्मृतिभ्रंशात वारंवार निघून जायचे, आणि शेवटच्या वेळी ते लहानपणीचं घर शोधत होते. प्रोटोकॉल म्हणजे घरच्यांनी आधीच भरून ठेवलेला एक फॉर्म: जुने पत्ते, जुनी नोकरी, औषधं, सवयी, आधी कुठे सापडले होते, ताजा फोटो. माणूस हरवला की फॉर्म पोलिसांच्या हातात. रात्री अकराला रडणाऱ्या सुनेला सासऱ्यांची १९७० सालची नोकरी विचारण्यापेक्षा हे किती सोपं आहे, ते काउंटरवर बसलेल्यालाच कळेल.

अशा व्यक्तीबद्दल आणखी दोन गोष्टी. हाक मारल्यावर ती बहुधा उत्तर देत नाही, कारण आपण हरवलोय हेच तिच्या गावी नसतं. आणि ती जिथे अडकते तिथेच थांबते: कुंपण, नाला, काटेरी झुडूप, दाराची पायरी. म्हणून रस्त्याने गाडी फिरवून उपयोग नसतो, उतरून कडेच्या जागा बघाव्या लागतात. तुमचे वडील शाळेच्या पायरीवर सापडले यात नवल नाही. त्या रस्त्याने रात्री गस्तीची गाडी गेली असेल, तर बसलेला माणूस त्यांना दिसलाही असेल. तोवर वायरलेसवर वर्णन गेलं नव्हतं, म्हणून तो फक्त बसलेला माणूस होता.

जपानमध्ये हा प्रश्न आपल्या कल्पनेबाहेर मोठा आहे. २०२३ या एका वर्षात तिथे स्मृतिभ्रंशाशी संबंधित १९,०३९ व्यक्ती हरवल्याच्या नोंदी झाल्या. ओमुता नावाच्या शहरात २००४ पासून सराव घेतात. एक जण वाट चुकलेल्या वृद्धासारखा रस्त्यावर फिरतो आणि नागरिकांनी त्याच्याशी बोलायला शिकायचं. समोरून यायचं, घाई करायची नाही, “कुठे निघालात?” असं विचारायचं. आग लागल्यावर काय करायचं याचा सराव सगळीकडे होतो, याचा नाही.

ऑटिझम असलेल्या मुलाचं गणित अगदी निराळं. अमेरिकेत सुमारे १,२०० कुटुंबांच्या पाहणीवर आधारलेला एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात अशा मुलांपैकी ४९ टक्के मुलांनी चौथ्या वर्षानंतर एकदा तरी निसटून जायचा प्रयत्न केलेला आढळला. ही मुलं पाण्याकडे ओढली जातात आणि अशा घटनांतल्या मृत्यूंमध्ये बुडणं हे मोठं कारण असतं. म्हणून पहिला माणूस पाण्यापाशी पाठवायचा: तळं, विहीर, कालवा, पोहण्याचा तलाव, बांधकामावरचा खड्डा. घर बघून झाल्यावर बघू, असं म्हणायचं नाही. भोंगा, मेगाफोन, कुत्री यांनी मूल आणखी आत दडतं. नऊ वर्षांच्या एका मुलाच्या केसमध्ये पाणवठ्यांवर माणसं उभी केल्यावर मी त्याच्या आईला विचारलं, “तो कशाकडे बघत बसतो?” ती म्हणाली, “गोल फिरणारं काहीही. पंखा. वॉशिंग मशीन.” मग आम्ही इमारतींच्या मागच्या बाजू बघत गेलो. एका सभागृहाच्या मागे भिंतीतल्या मोठ्या एक्झॉस्ट फॅनसमोर तो उभा होता, शर्टाची बटणं उलटसुलट, चेहरा अगदी शांत. शिपायाने धावत जाऊन त्याला उचललं असतं तर तो रस्त्यावर पळाला असता. आई येईपर्यंत आम्ही दोघं त्याच्याबरोबर पंखा बघत उभे राहिलो. सात-आठ मिनिटं असतील.

जीव द्यायच्या विचाराने निघालेल्या माणसाच्या बाबतीत मिनिटं मोजावी लागतात, आणि इथेच पोलीस विचारायला कचरतात. घरच्यांना सरळ विचारायचं: “याआधी कधी जीव द्यायचा प्रयत्न केला होता? मरणाबद्दल बोलले होते?” हा प्रश्न अपशकुनी नाही. तो न विचारल्यामुळे अर्ध्या रात्रीनंतर चिठ्ठी सापडल्याची उदाहरणं माझ्याकडे आहेत. खोली बघायची. औषधांची पाकिटं रिकामी आहेत का, पाळलेलं कुत्रं कुणाला देऊन टाकलंय का, घड्याळ आणि अंगठी काढून ठेवलीय का? फोनचं ठिकाण मागण्याचा अर्ज त्याच क्षणी जायला हवा. इथे घरच्यांना एक सक्त सूचना द्यायची. पंचवीस नातेवाइकांनी एकदम फोन करायचे नाहीत. त्याने बॅटरी उतरते, आणि बॅटरी संपली की मागे उरतो तो शेवटचा टॉवर. ज्याच्यावर त्या माणसाचा जीव आहे अशा एकाने एकच संदेश पाठवायचा, जाब न विचारता: “रागावलो नाही. बोलावंसं वाटत नसेल तर नुसतं एक अक्षर पाठव.” एकदा रात्री पावणेदोनला उत्तरादाखल नुसता ‘ह’ आला होता. त्या ‘ह’वरून आम्हाला ठिकाण मिळालं.

लहान मुलांच्या अपहरणाबद्दल एक आकडा सांगतो, घाबरवण्यासाठी नव्हे. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याच्या ॲटर्नी जनरल कार्यालयाने केलेल्या अभ्यासात, अपहरण होऊन खून झालेल्या मुलांपैकी सुमारे तीन चतुर्थांश मुलं पहिल्या ३ तासांत मारली गेली होती. असे गुन्हे क्वचित होतात. पण चोवीस तास थांबायला सांगणाऱ्याने या तीन तासांशेजारी आपलं वाक्य ठेवून बघावं.

आता ज्यांच्याबद्दल मला सर्वांत जास्त बोलायचं आहे ती माणसं. ज्यांच्यासाठी कुणी धावत येत नाही, किंवा आलं तर काउंटरवर “ती नेहमीच जाते” हे ऐकावं लागतं. बालगृहातून आठव्यांदा पळालेली पंधरा वर्षांची मुलगी. आठव्यांदा म्हणून फाइल जाड होते आणि लक्ष पातळ. खरं तर प्रत्येक खेपेला तिच्याभोवतीचे लोक तिला जास्त ओळखायला लागलेले असतात. तिच्याकडे नवा फोन कुठून आला? बाहेर गाडी कुणाची थांबते? मैत्रीण तिचं नाव निघालं की गप्प का होते? ‘पळाली’ हा शब्द स्टेशन डायरीत लिहू नका असं मी सांगायचो. ‘हरवली’ लिहा. शब्द बदलला की दुसऱ्या दिवशी डायरी वाचणारा अंमलदार वेगळ्या नजरेने वाचतो.

या दुर्लक्षाची किंमत नोंदलेली आहे. कॅनडातल्या व्हँकूव्हरमधून वर्षानुवर्षं बायका नाहीशा होत होत्या. त्यांतल्या अनेक देहविक्रय करणाऱ्या, व्यसनात अडकलेल्या, बऱ्याच मूळनिवासी समाजातल्या. त्यांचा खुनी रॉबर्ट पिक्टन पकडला जाईपर्यंत त्या कुठेतरी निघून गेल्या असतील असं मानणंच पोलिसांना सोयीचं होतं. वॉली ओपल यांच्या चौकशी आयोगाने २०१२ मध्ये पोलिसांच्या पूर्वग्रहावर स्पष्ट बोट ठेवलं. इतकं होऊनही टोरांटोत ब्रूस मॅकआर्थरने आठ पुरुषांचे खून केले. त्यांतले बहुतेक स्थलांतरित होते, समलिंगी वस्तीशी जोडलेले. त्यानंतर न्यायमूर्ती ग्लोरिया एप्स्टीन यांनी हरवलेल्यांच्या तपासाची झडती घेऊन २०२१ मध्ये १५१ शिफारशी केल्या. आपल्याकडे नोएडातल्या निठारीचं नाव घेतलं तरी पुरे. २००६ च्या डिसेंबरमध्ये तिथे मुलांचे अवशेष मिळाले, तेव्हा आईबाप सांगत होते की आम्ही केव्हापासून खेटे घालतोय. खटल्यातल्या शिक्षा पुढे वरच्या न्यायालयात रद्द झाल्या. त्या खेट्यांचं काय, हा प्रश्न तसाच राहिला.

याची उलटी बाजूही आहे. तक्रार करणारा स्वतःच धोका असू शकतो. बायको हरवल्याची तक्रार घेऊन एक नवरा आला होता, ढसाढसा रडला. चौथ्या दिवशी ती दुसऱ्या शहरात मैत्रिणीकडे सुखरूप सापडली. तसं त्याला कळवलं, तर त्याने लागोपाठ तीन वेळा पत्ता विचारला. ती कशी आहे, हे एकदाही नाही. सज्ञान माणूस स्वतःच्या मर्जीने गेला असेल तर पोलिसांनी त्याला प्रत्यक्ष भेटायचं, तो दबावाखाली नाही याची खात्री करायची आणि तक्रारदाराला इतकंच सांगायचं: “सापडल्या, सुखरूप आहेत, संपर्क नको म्हणाल्या.” पत्ता नाही, शहर नाही, फोन नंबर नाही. प्रत्यक्ष भेटायचं म्हणजे भेटायचं. फोनवर “मी ठीक आहे” म्हणणाऱ्या बाईच्या शेजारी कोण बसलंय, ते फोनवर दिसत नाही.

सीसीटीव्हीबद्दल एकच गोष्ट सांगतो, कारण ती शिकवली जात नाही. फुटेज बघण्याआधी डीव्हीआरचं, म्हणजे चित्रण साठवणाऱ्या यंत्राचं, घड्याळ आपल्या मोबाइलशी ताडून बघा आणि फरक लिहून ठेवा. एका केसमध्ये यंत्र २३ मिनिटं पुढे होतं. त्यामुळे आम्ही माणसाला चुकीच्या बसमध्ये ‘चढवलं’ आणि एक अख्खा दिवस त्या मार्गावर घालवला.

आणि मग ड्रॉवर. हरवलेल्यांची नोंद एका ठिकाणी असते, सापडलेल्यांची दुसऱ्या. भारतात मानसिक आरोग्य काळजी कायदा, २०१७ मध्ये कलम १०० आहे. रस्त्यावर बेघर अवस्थेत किंवा फिरताना मानसिक आजारी व्यक्ती आढळली तर हरवलेली व्यक्ती म्हणून नोंद करायची, तिच्या घरच्यांचा शोध घ्यायची जबाबदारी ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याची, आणि तिला कोणत्याही परिस्थितीत कोठडीत ठेवायचं नाही. तरतूद चांगली आहे. पण एका ठाण्यातली ‘सापडले’ आणि दुसऱ्या ठाण्यातली ‘हरवले’ यांची गाठ कुणीतरी घालावी लागते. एका मिसिंगमध्ये मी अकरा दिवस वणवण केली, आणि ते गृहस्थ पहिल्या रात्रीपासून एका सरकारी रुग्णालयात ‘अनोळखी पुरुष, अंदाजे वय ५५’ म्हणून दाखल होते. आमच्या कागदावर वय ६८. दाढी काढल्यावर माणूस तरुण दिसतो, अपघात विभागात ती काढली होती. तेव्हापासून अनोळखी रुग्ण आणि अनोळखी मृतदेह बघताना मी वय आणि उंचीचे आकडे सोडून दिले. जुने व्रण, दात, गोंदण, पायाची नखं असं बघत गेलो. फोनवर विचारून भागत नाही. रुग्णालयात पलंगापाशी जावं लागतं.

मिसिंग मरते ती ड्यूटी बदलताना. दिवसाच्या अंमलदाराने आईशी तासभर बोलून सगळं समजून घेतलेलं असतं, आणि रात्रीच्याला मिळतं “एक मिसिंग आहे, बघा”. दर केसला नावानिशी एक तपास अंमलदार हवा, आणि पाळी बदलली तर त्याने पुढच्याला समोरासमोर सांगायला हवं. उच्च जोखमीच्या केसचा ठरलेल्या वेळी वरिष्ठाने पुन्हा आढावा घ्यायचा, काही नवं घडलेलं नसलं तरी. कारण काही न घडणं हीच मोठी बातमी असते. दुपारी चारला गेलेला आजारी माणूस रात्री दहापर्यंत परतला नाही, तर मधल्या सहा तासांत जोखीम वाढलेली आहे.

लोकांना आवाहन करताना हात राखून. फोटो, कपडे, ठिकाण, वेळ द्यायची. आजाराचा इतिहास आणि घरची भानगड द्यायची नाही. संपर्काला क्रमांक पोलिसांचा, घरच्यांचा नाही, कारण “तुमचा माणूस आमच्याकडे आहे, पैसे पाठवा” असे फोन हमखास येतात. एक खूण कधीच जाहीर करायची नाही, एखादा व्रण किंवा लॉकेटमधलं चित्र. फोन करणाऱ्याला तीच विचारायची. आणि सापडल्यावर आवाहन मागे घ्यायचं. हे कुणीच करत नाही. आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेला तरुण दोन वर्षांनी नोकरीच्या मुलाखतीला जातो, तेव्हा त्याचं नाव शोधल्यावर पहिला दिसतो तो ‘हरवला आहे’चा फोटो.

माणूस परत आला की पोलीस फाइल बंद करतात. इंग्लंडमध्ये हरवून परतलेल्या मुलाशी ७२ तासांच्या आत एका स्वतंत्र व्यक्तीने बोलायचं, असं मार्गदर्शन आहे. स्वतंत्र म्हणजे घरचा नाही, आणि ज्याने पकडून आणलं तो पोलीसही नाही. “का गेलीस?” या प्रश्नाला मुलं भिंतीसारखी होतात. “कुठे जेवलीस? कुठे झोपलीस? कुणाचा फोन वापरलास?” यांची उत्तरं देतात, आणि पुढच्या वेळी शोधायला तीच लागतात.

तुमच्या बाबतीत हे अजून करता येईल, आणि याच आठवड्यात करा. वडिलांना शांतपणे विचारा, त्या दिवशी कुठे निघाला होतात? उत्तर विसंगत वाटलं तरी आहे तसं लिहून घ्या. ती शाळा त्यांच्या ओळखीची होती का, वाटेत जुनं घर किंवा जुनी कचेरी येते का, ते बघा. घरात घालतात त्या कपड्यांत, चष्म्यासकट, समोरून आणि बाजूने फोटो काढा आणि दर तीन महिन्यांनी बदला. जुने पत्ते, नोकऱ्या, औषधं, लहानपणीचं हाक मारायचं नाव, सापडलेली जागा हे सगळं एका कागदावर लिहा. एक प्रत शेजाऱ्यांकडे, एक ठाण्यात. ठाण्यात देताना प्रभारी अधिकाऱ्याच्या हातात द्या आणि तुमच्या प्रतीवर पोच घ्या. साडेपाचला तुम्हाला परत पाठवल्याची लेखी तक्रारही त्याच वेळी द्या, तारीख, वेळ आणि काउंटरवर कोण होतं यासकट. राग येईल म्हणून टाळू नका. तुमच्या मागे रांगेत दुसऱ्या कुणाचे तरी वडील असणार आहेत, आणि त्या अंमलदाराने स्टेशन डायरी त्या वेळी उघडायला हवी.